आडवाटेची सायकल

चतुर्थी आटोपून पाऊस ओसरू लागला, की पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा येथील तरुणांच्या हाती जाड टायरांच्या, गिअरच्या नव्याकोऱ्या सायकली दिसू लागतात. हे दृश्य आम्हांस आवडते. परंतु डोंगरवाटांसाठी घडविलेले हे महागडे वाहन दोनापावलाच्या डांबरी रस्त्यावरच येरझारा घालताना पाहिले, की शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपल्यासारखे वाटते. दोष त्या तरुणाचा नाही. त्याला वाट ठाऊक नाही आणि वाट दाखविणारा सोबतीही मिळालेला नाही.

आधी सोबतीचे पाहू. रानात तिघांहून कमी जाऊ नये. एक पडला, तर दुसऱ्याने त्याच्यापाशी थांबावे आणि तिसऱ्याने मदत आणावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गोव्यात आहे खरी. पण सांगे-सत्तरीच्या कित्येक दऱ्यांत भ्रमणध्वनी मुका होतो आणि रुग्णवाहिका काही पायवाटेने येत नाही. असे सोबती शोधण्याची उत्तम जागा म्हणजे सायकल दुरुस्तीचे दुकान. कोणाची चेन कोठे तुटली आणि कोणाचे चाक कोणत्या उतारावर वाकले, हे तिथल्या कारागिराइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. रविवारी पहाटे निघणाऱ्या टोळक्यांचा पत्ताही तोच सांगेल. मात्र सामील होण्यापूर्वी एक विचारावे : सर्वांच्या मागे कोण राहतो? जाणता माणूस शेवटी ठेवीत नाही आणि चढावर धापा टाकणाऱ्यासाठी थांबत नाही, असे पथक नवख्याच्या उपयोगाचे नाही. घरच्या वडीलधाऱ्यांनीही मुलीला सरसकट नको म्हणण्याऐवजी हीच चौकशी करावी.

आता वाटा. पहाटे भोंगा वाजवीत सायकलवरून पाव घालणाऱ्या पदेराला गावातील प्रत्येक पाणंद माहीत असते; त्याच्याइतका स्वस्त आणि विश्वासू नकाशा आम्हांस ठाऊक नाही. आरंभ खाजनाच्या बांधांवरून करावा. फेरीबोटीत सायकल चढवून दिवाडी किंवा चोडण गाठले, की चढ-उताराची धास्ती नसलेल्या, तोल साधायला शिकविणाऱ्या वाटा हव्या तेवढ्या आहेत. पण बांध ओला असताना तेथे चाक घालू नये. चिखलात पडलेल्या चाकोरीतून पाणी वाट काढते. बांध फुटला आणि खारे पाणी शेतात शिरले, तर जमीन काही हंगाम नापीक होते. आपली एक सकाळची मौज कोणा कुळाच्या भातावर बेतू नये. बांधाची जागा सरली, की सडे. पावसात जांभ्या दगडावर शेवाळ धरते आणि कोरड्या दिवसांत सुटी तांबडी खडी चाकाखालून निसटते. तेथे ब्रेक हळू दाबावा आणि डोक्यावर शिरस्त्राण असावे. खाणपट्ट्यांतील ओस रस्ते मोहक दिसतात, पण ते भाडेपट्ट्याच्या हद्दीत असतात आणि वळणापलीकडे पाण्याने भरलेला खंदक असू शकतो. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांत तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये परवानगीविना प्रवेशच नाही. दूधसागराच्या रेल्वेमार्गावरून चालत निघालेल्यांना २०२३ च्या जुलैत रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. त्या प्रसंगावर हसू आले तरी लोहमार्ग ही पायवाट नव्हे, हे खरेच आहे.

पण नवख्या सायकलस्वाराची खरी अडचण निराळीच आहे. तो वाट शोधतो आहे आणि वाटाच नाहीशा होत आहेत. मोपाचा सडा विमानतळाखाली गेला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याचा निदान गाजावाजा तरी झाला. परंतु डोंगरउतारावर भूखंड पडतात, परक्या मालकाचे काटेरी कुंपण येते आणि देवळाकडे, झरीकडे, शेजारच्या वाड्याकडे जाणारी पिढ्यान्पिढ्यांची वाट एका रात्रीत बंद होते, त्याचा गाजावाजा कोण करणार? मुक्तीपूर्वी ज्या आडवाटांनी भूमिगतांची पत्रके, निरोप आणि माणसे सीमेपलीकडे ये-जा करीत, त्यांपैकी कित्येक आज शोधूनही सापडणार नाहीत. ज्या वाटेवर कोणी चालत नाही तिच्यावर हक्क सांगणेही कठीण होते, आणि म्हणूनच या सायकलस्वारांना आम्ही निव्वळ हौशी समजत नाही.

तथापि त्यांनी अमेरिकेतील मरिन परगण्याचे उदाहरण ध्यानी घ्यावे. या खेळाचे बाळसे तिथलेच. १९७६ साली तेथे उतारावरच्या ‘रीपॅक’ शर्यती सुरू झाल्या आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या खेळास स्थान मिळाले. परंतु मधल्या काळात भरधाव सायकलींनी पादचारी आणि घोडेस्वार हैराण झाले, आणि त्याच परगण्यातील अनेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. पुढे १९८८ साली सायकलस्वारांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि श्रमदानाने वाटा दुरुस्त करून गेलेला विश्वास मिळविण्याची खटपट सुरू झाली. आपल्याकडे ती पाळी येऊ देऊ नये. डोईवर लाकडाची मोळी घेऊन येणारी बाई समोर दिसली, की सायकलवरून उतरावे. देवराईत चाक घालूच नये. कुळागराच्या कवाडावर हाक मारून विचारावे. सहसा नकार मिळत नाही. उलट पाण्याचा तांब्या पुढे येतो.

वन खात्याने अभयारण्यांतील दोन-चार जुन्या गाडीवाटा सायकलींसाठी आखून द्याव्यात आणि तिथला परवाना नाक्यावरच मिळण्याची सोय करावी. पंचायतींनी गावातील पारंपरिक वाटांची नोंद करावी. त्यासाठी पुढच्या ग्रामसभेत, ज्यांनी त्या वाटा गेल्याच रविवारी तुडविल्या आहेत अशा तरुणांनी, कोणती वाट कोठे अडविली आहे हे उभे राहून सांगावे.