तलंगांच्या तोंडचा घास

सहा आठवड्यांच्या दोन हजार तलंगा समोर, आणि सल्लागार म्हणाला, "ताई, खर्च कमी करायचाय ना? मग चिक मॅशमध्ये भुसा वाढवा. पक्ष्यांना काय कळतंय!"

पक्ष्यांना कळतं. ते वजनातून सांगतात. पण ज्या शेडवर वजनकाटाच नाही, तिथं त्यांचं ऐकणार कोण?

अंड्याच्या धंद्यात ६५ ते ७० टक्के खर्च खाद्यावर जातो. त्यामुळे अंड्याचे भाव पडले की कात्री खाद्याला लागते, आणि तीही नेमकी जी अजून अंडं देत नाही तिच्या खाद्याला. "कमावत नाही तोवर कशाला एवढं घालायचं?" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. घरातल्या मुलींच्या ताटाचा हिशेबही याच शब्दांत मांडणारी माणसं मी पाहिली आहेत.

बरं, हिशेबच करू. पहिल्या आठ आठवड्यांत लेगहॉर्न तलंग फार तर पावणेदोन किलो खाते. तिच्या चिक मॅशमध्ये २० टक्के प्रथिनं हवीत. ती १६ वर आणून किलोमागे पाच रुपये वाचवले, तर पक्ष्यामागे पावणेनऊ रुपये हाती आले. अंड्याला पाच रुपये धरले तर दोन अंड्यांचेही पैसे नाहीत! आणि गमावलं काय? सांगाडा. हाडांची चौकट बाराव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ पूर्ण होते. नंतर हवं तेवढं खाऊ घाला, चरबी चढेल, चौकट वाढणार नाही. असा पक्षी बारीक अंडी देतो, आणि ऐन भरात आल्यावर उत्पादन टिकवत नाही.

खर्च खरा वाचतो तो नवव्या ते सोळाव्या आठवड्यात. या वयाच्या खाद्याला, म्हणजे ग्रोअरला, १६ टक्के प्रथिनं पुरतात, ऊर्जाही कमी चालते. इथं मक्याचा थोडा वाटा काढा आणि राईस पॉलिश, तेल काढलेला कोंडा, सूर्यफुलाची पेंड घाला. तंतुमय खाद्यानं पोट मोठं होतं, आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीला ते लागतंच. सूर्यफुलाच्या पेंडीत लायसिन कमी असतं, ते वरून घाला. फायटेज वापरलं तर धान्यात अडकलेला फॉस्फरस सुटतो आणि महागडं डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) कमी लागतं. गव्हाणी काठोकाठ भरू नका, तिसरा हिस्सा भरा. चोचीनं उडवलेलं खाद्य खालच्या लिटरमध्ये, म्हणजे तुसात, जातं. यातलं काहीही पक्ष्याचा घास न कापता होतं. पण त्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं, आणि भुशाचं पोतं ओतणं सोपं असतं.

मक्याबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. दिवाळीच्या सुमाराला ओला मका बाजारात येतो. १४ टक्क्यांहून जास्त ओलावा असताना थप्पी लावली की बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन थेट यकृतावर जातं. "काळा पडलाय, पण कोंबड्यांना चालतो," असं सांगून एका व्यापाऱ्यानं मला दोन रुपये कमी लावले होते. तलंगांची वाढ खुंटली, लशींनी काम केलं नाही, मरतूक वाढली. टॉक्सिन बाइंडर घातला की कुजका मका चांगला होतो, असं सांगणारा माणूस खोटं बोलतो.

आणखी एक आळस म्हणजे सगळ्या वयांना एकच लेयर मॅश. त्यात साडेतीन टक्क्यांच्या घरात कॅल्शियम असतं, वाढत्या तलंगेला एक टक्का पुरतं. उरलेलं मूत्रपिंडाला बाहेर काढावं लागतं. अशी मेलेली तलंग मी फाडून पाहिली आहे. मूत्रपिंडं सुजलेली, हृदयावर चुन्यासारखा पांढरा थर. जादा कॅल्शियम पहिल्या अंड्याआधी दोनेक आठवडे सुरू केलं तरी पुरतं.

माझी बॅच आज आठ आठवड्यांची झाली. सकाळी शंभर पक्षी तोलले. ७४ पक्षी सरासरी वजनाच्या दहा टक्के वर-खाली या मर्यादेत आहेत; निदान ८० हवेत. ग्रोअरच्या गोण्या येऊन पडल्यात, त्या तशाच राहतील. हलक्या तलंगा आज दुपारी वेगळ्या काढायच्या आहेत. चिक मॅश आणखी आठवडाभर चालू राहील.