काठावरचे यंत्र, दूरचा निर्णय: वऱ्हाडच्या कापसाचा धडा

१/
‘एज कॉम्प्युटिंग’ म्हणजे माहिती जिथे जन्मते तिथेच, यंत्राच्या काठाशी, तिच्यावर प्रक्रिया करणे. ही कल्पना कालपरवाची म्हणून विकली जाते. वऱ्हाडने ती दीडशे वर्षांपूर्वी कापसाच्या रूपात पाहिली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे.

२/
१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि लिव्हरपूलची नजर अमरावती, अकोला, खामगावकडे वळली. शंभर किलो कापसातून रुई निघते साधारण एक तृतीयांश. उरते ती मुख्यतः सरकी. ते ओझे मुंबईपर्यंत वाहण्यात अर्थ नव्हता. म्हणून जिन आणि प्रेस कापसाच्या मुलखातच उभे राहिले. जागेवर प्रक्रिया करायची आणि पुढे फक्त सार पाठवायचे, हेच आजच्या ‘एज’चेही तत्त्व आहे.

३/
१८७० साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा रेल्वेफाटा सुरू झाला. त्याच वर्षी मुंबई समुद्री तारेने लंडनला जोडली गेली. काम वऱ्हाडात होऊ लागले. भाव मात्र तारेने येऊ लागला. गाठी दाबणाऱ्या हातांना त्या भावाविषयी बोलण्याचा अधिकार नव्हता. १८९९-१९०० च्या दुष्काळात याच रेल्वेच्या, याच भरल्या बाजारपेठांच्या प्रदेशात माणसे अन्नावाचून मेली.

४/
१९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक सक्तीचा केला. गाठ कोणत्या प्रेसमधून आली, हे कळू लागले. कापूस कोणत्या शेतकऱ्याचा, हे त्या खुणेत नव्हते. नोंद हवी होती ती खरेदीदाराला.

५/
आता आजच्या यंत्राकडे. जिनमध्ये कापसासोबत दगड वा लोखंडाचा तुकडा गेला की ठिणगी उडते आणि हवेच्या नळीतून ती क्षणात रुईच्या ढिगापर्यंत पोहोचते. ती ओळखून नळी बंद करण्याचा निर्णय जागेवरच व्हायला हवा. इथे विक्रेते ‘मिलिसेकंदां’चे गोडवे गातात. पण जोडणी धड असली, तर मुंबईचा सर्व्हरही क्षणार्धात उत्तर देईल. खरा प्रश्न जोडणी तुटते तेव्हाचा आहे. हंगामात, भर रात्रपाळीत ती तुटली तर आगीने थांबायचे का? इथे ‘एज’ला पर्याय नाही आणि त्याला विरोध करणे शहाणपणाचे नाही.

६/
ओलाव्याचे तसे नाही. भारतीय कापूस निगमच्या हमीभाव खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत भावात कपात आणि बारापुढे खरेदीच नाही. म्हणजे काट्यावरचा एक आकडा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल ठरवतो. तो आकडा उद्या सेन्सर देईल, शेजारच्या डब्यातला संगणक त्यावरून प्रत ठरवील. डबा अकोल्याच्या जिनमध्ये असेल. त्यातील सूत्र बदलण्याची किल्ली मात्र दुसऱ्याच शहरातील कंपनीकडे असेल. याला विकेंद्रीकरण म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. तारऑफिसही खामगावातच होते.

७/
अमरावतीनजीक नांदगाव पेठ परिसरात पीएम मित्र वस्त्रोद्यान उभे राहत आहे. त्याची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. तिथल्या यंत्रांत ‘एज’ येईलच. तेव्हा प्रत्येक विक्रेत्याला तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. मापकाची तपासणी शेतकऱ्यासमोर होते का? जिनमधला फिटर, दूरच्या परवानगीची वाट न पाहता, ते यंत्र उघडून दुरुस्त करू शकतो का? आणि ओलाव्याचा मोजलेला आकडा, वेळ व यंत्राच्या क्रमांकासह, गाडी रिकामी होण्याआधी छापील पावतीवर शेतकऱ्याच्या हाती पडतो का?

८/
अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. ही सूत्रे लिहिण्याची, तपासण्याची आणि गरज पडल्यास बदलण्याची कुवत वऱ्हाडात नाही, असे कोणी म्हणत असेल, तर त्याने ते कराराच्या कागदावर लिहून द्यावे.