घरबसल्या

गेल्या शनिवारी लोणारहून मामाचा फोन. बसस्टँडजवळ किराणा दुकान आहे त्याचं. इकडचं तिकडचं झाल्यावर मूळ मुद्द्यावर आला. "काय रे, आता घरबसल्या डिग्री भेटते म्हणे. मंग पोरीले कायले पाठवू इतल्या दूर?"

पोरगी म्हणजे माझी मामेबहीण. बारावी सायन्स झाली, सीईटीला मार्क बरे आहेत. मामाला कुठल्याशा कंपनीच्या 'काउन्सेलर'चा रोज फोन येतोय. ऑनलाइन बीसीए, 'इंजिनियरिंगच्या तोडीचं', दीड लाख फी, चोवीस हप्ते, आणि आज रात्री बारापर्यंत सीट राखून ठेवलीय. च्यायला, ऑनलाइनला कसली आली सीट? सर्व्हरवरची बाकडी संपली का?

आता मी काही ऑनलाइन शिक्षणाचा शत्रू नाही. उलट माझं पोट त्याच्यावर चालतं. कॉलेजात जे ऑपरेटिंग सिस्टिम्स डोक्यावरून गेलं, ते मी नंतर एनपीटीईएलच्या फुकट व्हिडिओंवरून शिकलो. आयआयटीवाले २००३ पासून हे काम करताहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून आहे. नोकरी करणारे, लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या बायका, अशा कितीतरी लोकांना त्यानं पदवी दिली. आणि यूजीसीनं २०२२ साली स्पष्ट केलंय, की मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच. तेव्हा 'ऑनलाइन म्हणजे बोगस' म्हणून नाक मुरडणाऱ्यांचंही मला पटत नाही.

पण मान्यताप्राप्त हा शब्द महत्त्वाचा. मामाला मी चार गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हालाही सांगतो.

एक, विद्यापीठाचं आणि त्याच अभ्यासक्रमाचं नाव यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, यादीत त्या वर्षासाठी आहे का, ते स्वतः बघा. काउन्सेलरनं पाठवलेला स्क्रीनशॉट नको.

दोन, इंजिनियरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, वकिली यांची पदवी ऑनलाइन देता येत नाही. 'तोडीचं' वगैरे काही नसतं. पत्रव्यवहारानं दिलेल्या इंजिनियरिंगच्या पदव्यांचं काय झालं, हे काही अभिमत विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालात भोगलंय. चूक संस्थांची, वर्षं पोरांची गेली.

तीन, तुम्हाला फोन करणारी कंपनी म्हणजे विद्यापीठ नव्हे. विद्यापीठाला आपली पदवी अशी फ्रँचायझीनं चालवायला देता येत नाही, असा इशारा यूजीसीनं जानेवारी २०२२ मध्येच दिलाय.

चार, 'हप्ते' म्हणजे बहुतेक वेळा कर्ज, आणि तेही एखाद्या फायनान्स कंपनीचं. पोरीनं सहा महिन्यांत अभ्यास सोडला तरी मामाच्या खात्यातून पैसे जातच राहणार.

हे सगळं मामाला पटलं. म्हणाला, "बरं, मंग चांगल्या विद्यापीठाचं ऑनलाइन पाहू." म्हणजे माझं मुसळ केरात!

कारण खरा घोळ तो नाहीच. खरा घोळ 'घरबसल्या' या शब्दात आहे. मामाचा मुलगा दोन वर्षांपूर्वी पुण्याला हॉस्टेलवर आला. सीईटीत त्याला बहिणीपेक्षा कमी मार्क होते. तेव्हा कुणालाच घरबसल्या डिग्री आठवली नाही. पोरीच्या वेळी मात्र सगळ्यांना तंत्रज्ञानाचं प्रेम आलं. पूर्वी 'नाही शिकवायचं' म्हणायला लाज वाटायची, आता 'ऑनलाइन शिकव' म्हणायची सोय झाली. तिजोरीची किल्ली तीच, कुलूप नवीन.

बरं, पैशाचं म्हणावं तर तेही नाही. राज्य सरकारनं २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. अट अशी, की कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप राउंडमधून हवा. मामाचं दुकान त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही, आणि आम्ही ओबीसी. म्हणजे फी माफ असलेलं इंजिनियरिंग सोडून मामा दीड लाखाचं कर्ज काढायला निघालाय! राहण्या-जेवण्याचा खर्च आहेच, पण तो पोरासाठी निघालाच ना?

जून २०२० आठवतो? कॉलेजं बंद, सगळे मोबाइलवर, आणि त्याच महिन्यात आपल्या लोणारचं पाणी गुलाबी झालं. फोटो जगभर फिरला. व्हॉट्सअ‍ॅपवर शंभर कारणं आली. खरं कारण कसं कळलं? पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले, कुणीतरी ते हातात घेऊन तपासले, तेव्हा कळलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्कियाचा तो रंग. फोटो घरबसल्या सगळ्यांना मिळाला. उत्तर प्रयोगशाळेत मिळालं.

मीही वर्गात कमीच शिकलो. हॉस्टेलच्या गच्चीवर शिकलो, सीनियरचा लॅपटॉप बिघडवून शिकलो, मेसवाल्याशी भांडून शिकलो. पहिल्या नोकरीची बातमीही रूममेटनं सांगितली. हे कुठल्या पोर्टलवर अपलोड करणार?

ज्याला पर्याय नाही त्यानं ऑनलाइन शिकावं, अभिमानानं शिकावं. पण जिच्यापुढे पर्याय आहे, तिच्यापुढचा तो काढून घेण्यासाठी ऑनलाइन वापरू नका. एवढंच म्हणणं आहे.

रविवारी बहिणीचा मेसेज आला. "दादा, व्हिडिओ मी इथंही बघते. मला शिकायला जायचंय."

कॅपचा फॉर्म भरायला अजून चार दिवस आहेत. गुरुवारी रात्रीच्या गाडीनं लोणारला निघतोय. मामा फोनवर ऐकत नाही, समोर बसल्यावर ऐकतो. बघा, ते तरी ऑनलाइन कुठे होतंय!