न्यूरेंबर्गला जाऊन काय पाहिलंत?

परदेश सहलीचे फोटो महिला मंडळात पडद्यावर दाखवायची पद्धत आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. अशा बऱ्याच बैठकांना मी बसले आहे, आणि जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचे तेच तीन फोटो दर वेळी पाहिले आहेत. चौकातल्या सोनेरी कारंज्याच्या जाळीतली कडी फिरवताना, चर्चच्या घड्याळाखाली माना वर करून, आणि मसाल्याच्या बिस्किटांचे रंगीत डबे हातात धरून बसच्या दाराशी. पुढचा फोटो थेट प्रागचा. कुणी विचारलंच, की गाव कसं होतं, तर उत्तरही ठरलेलं: "छान आहे हो, स्वच्छ आहे, चित्रातल्यासारखं."

माझा आक्षेप या "चित्रातल्यासारखं" वर आहे.

आधी त्या चित्राबद्दल. २ जानेवारी १९४५ च्या रात्री बॉम्बफेक झाली आणि न्यूरेंबर्गचा जुना भाग जवळजवळ सगळा जमीनदोस्त झाला. आज आपण ज्या लाल कौलांचे आणि लाकडी चौकटींच्या भिंतींचे फोटो काढतो, त्यातलं बरंचसं त्यानंतर पुन्हा बांधलेलं आहे. कारंजंसुद्धा नक्कल आहे; मूळ चौदाव्या शतकातल्या कारंज्याचे अवशेष तिथल्या संग्रहालयात आहेत. पुन्हा बांधलं यात वाईट काही नाही, उलट निगुतीने बांधलं आहे. पण पाडलं का गेलं, हे न विचारता तिथून निघणं म्हणजे दुखणेकऱ्याला भेटायला जाऊन त्याच्या नव्या पलंगपोसाचं कौतुक करून परत येण्यासारखं आहे.

आता ते घड्याळ. बाराचे ठोके पडले की मधोमध बसलेल्या बादशहासमोरून सात जण फिरतात, तीन फेऱ्या घालतात. सम्राट निवडण्याचा हक्क असलेले हे सात मानकरी. १५०९ पासूनची ही करामत आहे आणि खाली चौकात दोनशे मोबाइल वर झालेले असतात. बसलेला बादशहा म्हणजे चौथा चार्ल्स. सम्राट कसा निवडायचा याचा कायदा त्याने १३५६ मध्ये केला, त्याची ही आठवण. इथवर गाइड सांगतो. पुढचं तीन तासांच्या मुक्कामात सांगायला त्याला वेळ नसतो. आपण उभ्या असतो त्या चौकाच्या जागी पूर्वी ज्यूंची वस्ती होती. गावाला बाजारासाठी मोकळी जागा हवी होती. १३४९ मध्ये याच चार्ल्सने वस्ती पाडायला परवानगी दिली, आणि त्यात ज्यूंचं काही बरंवाईट झालं तर गावाला जाब विचारणार नाही, हेही आधीच कबूल केलं. त्या डिसेंबरात किमान ५६२ माणसं मारली गेली. त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या जागी चर्च उभं राहिलं, तेच हे घड्याळाचं चर्च. दुपारी बाराला आपण मान वर करून बघतो तो हाच बादशहा.

हे मला कुणी विद्वानाने सांगितलेलं नाही. मुलगी तिकडे नोकरीला असल्यामुळे मला त्या गावात चार दिवस राहता आलं, आणि हे सगळं तिथे उघड सांगितलं जातं, लपवलेलं नाही. लपवतो तो आपला सहलीचा कार्यक्रम.

(बिस्किटांबद्दलही जाता जाता सांगून टाकते. सुपात कांदा आहे का, हे तीन-तीनदा विचारणाऱ्या आपल्या बायका ते डबे मात्र डोळे झाकून उचलतात. बहुतेकांत मध असतो आणि चांगल्यातल्या चांगल्यांत अंडी. गावाभोवतीच्या जंगलात शतकानुशतकं मधमाश्या पाळत आले, म्हणून तर हा पदार्थ तिथे भरभराटला. डब्यावर लिहिलेलं असतं, वाचून घ्या.)

मैत्रिणी यावर म्हणतात, "अगं, एवढे पैसे भरून जायचं ते काय रडायला? जन्मभर स्वयंपाकघरात गेला, चार दिवस जरा मजा करू दे की." हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. ज्या बाईने पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पासपोर्ट काढला, तिला मजेचा हक्क आहेच. किल्ल्यावर जा, तिथून गावाची छपरं बघा. ड्यूररचं घर बघा, आणि चित्रकारापेक्षा त्याच्या बायकोसाठी, अग्नेससाठी बघा; नवऱ्याची छापील चित्रं बाजारात आणि जत्रांत बसून ती विकायची, घराच्या पैशात तिचाही हात होता. जूनमध्ये गेलात तर सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो, दिवसाउजेडी जेवायची काळजीसुद्धा नाही. पण मजेच्या नावाखाली आपल्याला अर्धंच गाव दाखवलं जातं. आणि अर्धं कुठलं दाखवायचं हे आपण ठरवत नाही, कुणीतरी गृहीत धरतं की "बायकांचा ग्रुप आहे, त्यांना कोर्टबिर्टात काय रस!" मला राग या गृहीत धरण्याचा येतो, आणि आपण ते मुकाट मान्य करतो त्याचा जास्त येतो.

दुसरं म्हणणं, "तो त्यांचा इतिहास, आपला काय संबंध?" संबंध आहे.

आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकीच्या गळ्यात, बांगडीवर किंवा पूजेच्या डब्यावर स्वस्तिक असतं. सातव्या तीर्थंकरांचं, सुपार्श्वनाथांचं ते लांछन. देवापुढे तांदळाचं स्वस्तिक काढताना चार गतींचं स्मरण करायला आईने शिकवलं. जर्मनीत पाऊल टाकण्याआधी बसमध्ये सूचना होते, "बायकांनो, स्वस्तिकाचं लॉकेट आत घाला." आपण घालतो, आणि हळूच म्हणतो, मेल्यांनी आपलं पवित्र चिन्ह बाटवलं. ते कुठे बाटलं, हे मात्र बघायला जात नाही. गावाच्या आग्नेयेला झेपेलिन मैदान आहे. १९३३ ते १९३८ पर्यंत दर वर्षी नाझी पक्षाची अधिवेशनं न्यूरेंबर्गमध्ये भरायची, लाखो माणसं रांगा धरून उभी असायची. त्या मैदानाची सुमारे साडेतीनशे मीटर लांबीची दगडी बैठक अजून उभी आहे. तिच्या माथ्यावर जे प्रचंड चिन्ह होतं, ते एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने सुरुंग लावून उडवलं. शेजारी रोमच्या कलोझियमच्या धर्तीवर पन्नास हजार माणसांसाठी बांधायला घेतलेलं, पुरं न झालेलं सभागृह आहे. त्याच्या भिंतीतून एक काचेची तिरपी वाट आरपार घुसवून २००१ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. जिला आपल्या स्वस्तिकाचं खरंच वाईट वाटतं, तिने त्या पायऱ्यांवर एकदा उभं राहावं. आपल्या चार गती आणि त्यांचं ते चिन्ह यांत काय अंतर आहे, हे परक्याला सांगायचे शब्द तिथे आपोआप सुचतात. लॉकेट आत घालून सुचत नाहीत.

आणि आता स्वयंपाकघराचं. सप्टेंबर १९३५ च्या अधिवेशनात, त्यांची संसद मुद्दाम या गावात बोलावून, तीन कायदे केले गेले. एकाने ते चिन्ह राष्ट्रध्वजावर चढवलं. दुसऱ्याने ज्यूंचं नागरिकत्व काढलं. तिसऱ्याने ज्यू आणि इतर जर्मन यांच्यातली लग्नं बंद केली, आणि त्याच कायद्यात एक कलम घातलं, की ज्यू कुटुंबाने पंचेचाळीस वर्षांखालची जर्मन बाई घरकामाला ठेवायची नाही. वाचताना मी या कलमापाशीच अडले. कायदा छळछावणीपासून सुरू झाला नाही. कुणाच्या घरी कुणी भांडी घासायची, कुणी कुणाशी लग्न करायचं, इथून सुरू झाला. कामवाल्या बाईचा कप वेगळा ठेवणाऱ्या, तिला सोसायटीची दुसरी लिफ्ट दाखवणाऱ्या, "आमच्यातल्यांनाच फ्लॅट" म्हणणाऱ्या आपण, यात आपला संबंध नाही म्हणतो? दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण उंबऱ्यापाशी माणसं वेगळी काढणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

राहिलं कोर्ट. खोली क्रमांक ६००. नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६, इथे नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला. बारा जणांना फाशी, सातांना कैद, तीन निर्दोष. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन या चार भाषांत बोलणं त्याच क्षणी उलथून कानात ऐकवण्याची सोय तिथे केली होती, आणि काचेआड बसलेल्या त्या दुभाष्यांत बायकाही होत्या. पण मला सांगायचं आहे ते युलियुस श्ट्रायखर या आरोपीबद्दल. तो याच गावचा पुढारी. १९२३ पासून साप्ताहिक चालवायचा. त्यात ज्यूंबद्दल घाणेरड्या कंड्या, व्यंगचित्रं. ज्यांना विकत घेणं परवडत नाही त्यांच्यासाठी ते अंक काचेच्या पेट्यांत, येण्याजाण्याच्या रस्त्यावर लावलेले असायचे. त्याने स्वतःच्या हाताने कुणाला मारलं म्हणून त्याला शिक्षा झाली नाही. लिहून, छापून, पसरवून माणसांना माणसं मारायला तयार केलं, यासाठी त्याला फाशी झाली.

आपल्याला हे कळायला कायद्याचं पुस्तक उघडावं लागत नाही. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केल्याला मान डोलावणं, तिन्ही हिंसाच. मनाने, वचनाने, कायेने. पाठशाळेत पाठ केलेलं आहे. पर्युषणात मुंगी चुकवून चालणाऱ्या आपण मग फोनवर सकाळी आलेला कुणाबद्दलचा तरी विषारी मजकूर "जागे व्हा" म्हणून मंडळाच्या ग्रुपवर पुढे ढकलतो. त्या काचेच्या पेटीत आणि या ग्रुपमध्ये मला फारसा फरक दिसत नाही. खोली ६०० च्या बाकावर मला हे जितकं लख्ख दिसलं, तितकं कुठल्या प्रवचनात दिसलं नव्हतं.

शेवटी एक गल्ली. संग्रहालयाच्या दाराशी, स्टेशनपासून चालत जाण्यासारखी. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. दानी कारावान या इस्रायली शिल्पकाराने १९९३ मध्ये तिथे पांढरे उंच खांब ओळीने उभे केले आणि १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची तीस कलमं कोरली. बडोद्याच्या वाचक मैत्रिणींना हे माहीत असायला हवं, की त्यातल्या पहिल्या कलमात आधी "सर्व पुरुष" असा अर्थ निघेल असा शब्द होता. हंसा मेहतांनी आग्रह धरला, म्हणून तिथे "सर्व माणसे" आलं. त्याच हंसाबेन, बडोदा विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. आपल्या घरची म्हणावी अशी बाई जगाच्या जाहीरनाम्यातला शब्द बदलून आली, आणि तो जिथे दगडात कोरला आहे, तिथून पाच-दहा मिनिटांवर आपण बिस्किटं मोजत उभ्या असतो.

पुढच्या वर्षीच्या सहलीचे पैसे मंडळात गोळा होताहेत, म्हणून हे लिहिलं. आगाऊ रक्कम भरण्याआधी त्या माणसाला विचारा: न्यूरेंबर्गला मुक्काम आहे की फक्त थांबा? कोर्ट दाखवणार का? "कार्यक्रमात नाही" म्हणाला, तर एक रात्र वाढवून मागा, आणि प्रागमधली एक खरेदीची दुपार कापायला सांगा. तेही जमत नसेल, तर बारा वाजता घड्याळाखाली जमायचं सोडून भुयारी रेल्वेच्या यू १ गाडीत बसा, बेरेनशान्त्सेला उतरा. कोर्ट तिथून चार पावलांवर आहे. बस सुटायच्या आत परत येता येतं.