नकाशावरील अंतर आणि आकाशातील वाट

दिल्लीहून अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को किती दूर, असे कोणी विचारले की आपली दृष्टी भिंतीवरील नकाशाकडे वळते. युरोप, अटलांटिक महासागर आणि अमेरिकेची सारी रुंदी ओलांडावी, तेव्हा पश्चिमेच्या टोकाशी ते शहर येते. नकाशावर हीच वाट सरळ दिसते. अंतर शिकविण्याचे काम या नकाशावर सोपविणे ही आमच्या भूगोलाच्या अध्यापनातील मोठी उणीव आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१५६९ साली मर्केटरने रचलेला नकाशा खलाशांसाठी होता. दिशा अचूक राखण्यासाठी त्याने ध्रुवांकडील प्रदेश ताणले. म्हणून त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते. वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे! आता पृथ्वीगोलावर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो पश्चिमेस न जाता उत्तरेस जातो. तिबेट, सैबेरिया, आर्क्टिक महासागर, अलास्का असा त्याचा मार्ग असून अंतर भरते सुमारे १२,४०० किलोमीटर.

विमाने मात्र या दोऱ्यावरून जात नाहीत. विमानातील हवेचा दाब एकाएकी घटला, तर वैमानिकास सुमारे दहा हजार फुटांपर्यंत त्वरेने खाली यावे लागते. तिबेटात तर जमीनच त्याहून उंच आहे.

आणि वाट लांबली म्हणजे वेळ वाढलाच, असेही नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने याच दोन शहरांमधील आपले विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर झाले सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे आधीच्या वाटेहून सुमारे १,४०० किलोमीटर अधिक. तरीही प्रवास साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा लवकर, आटोपला. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे प्रवाह वाहतात. पूर्वेस निघालेल्या विमानाला ते पाठीमागून रेटतात, पश्चिमेस निघालेल्याला समोरून अडवितात. (पृथ्वी खालून फिरते म्हणून वेळ वाचतो, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नव्हे. वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असते.) शिवाय या वाटेवर आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. त्यामुळे पहाटे निघालेला प्रवासी साडेचौदा तास उडून त्याच तारखेच्या सकाळी उतरतो!

आम्ही शिक्षक मात्र अंतरास वेगाने भागून वेळ काढावयास लावतो आणि उत्तर जुळले की पूर्ण गुण देतो. गणित म्हणून ते योग्यच. परंतु जाताना व येताना वेळ निराळा का लागतो, हे त्या भागाकारातून कधीच कळणार नाही. आज आपल्यापैकी कित्येक घरांतील मुले-सुना कॅलिफोर्नियात आहेत आणि त्यांना भेटावयास वडीलधारी मंडळी विमानाने जातात. परतल्यावर नातवंडे हाच प्रश्न विचारतात. त्यास उत्तर देणारा पृथ्वीगोल बहुतेक शाळांतून कपाटात कुलूपबंद असतो. तपासणीच्या दिवशी तेवढी त्यावरील धूळ झटकली जाते.

तो मोडेल, ही सबब आम्हांस मान्य नाही. मोडला तर वर्गणी काढून नवा आणता येईल. या वर्षापासून तो प्रत्येक वर्गात फिरावा आणि सोबत दोऱ्याचे एक रीळही असावे.