गोधडीचे रंग
गोधडी शिवायला घेतली की पहिला तासभर सुईला हात लावू नये. लुगडी, परकर, खणाच्या चोळ्या यांचे तुकडे जमिनीवर मांडावेत, हलवावेत, पुन्हा मांडावेत. मला तर सगळ्यात जास्त आनंद इथेच मिळतो. विटक्या हिरव्याशेजारी कुंकवाचा लाल आला की हिरवा एकदम जागा होतो. मग आत मऊ सुती लुगड्यांचे थर, कडेने कच्चे टाके आणि काठापासून आत सरकत जाणारा धावदोरा, चौकोनात चौकोन उमटवत थेट मध्यापर्यंत. धुतल्यावर टाक्यांमधलं कापड किंचित फुगतं. तो उठाव मशीनच्या शिलाईला कधीच येत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीच्या, चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. आपल्या गोधडीलाही ती लावून पाहावीत, फार खुलून दिसतात. नवं कापड मात्र आधी धुऊन घ्यावं, नाहीतर ते पहिल्याच धुण्यात आटतं आणि शेजारचा जुना तुकडा ओढून उसवतं.