वर्गणीवरचा जकातनाका

माल साठवून भाव चढविणे म्हणजे मक्तेदारी, ही समजूत आता अपुरी ठरली आहे. आजच्या मक्तेदाराला साठा करण्याची गरज उरलेली नाही. त्याने वाट अडविली की पुरते. अमेरिकेतील ॲपल कंपनी आयफोनवरील आपल्या ॲप स्टोअरमध्ये जे करीत आली आहे, ते याच जातीचे आहे.

हे दुकान २००८ साली उघडले, तेव्हाच विक्रीच्या रकमेत कंपनीचा ३० टक्के वाटा ठरला. २०११ साली वर्गण्यांचे नियम आले. ॲपमध्ये घेतलेली वर्गणी ॲपलच्याच यंत्रणेतून वसूल व्हावी, तिच्यातही तोच वाटा मिळावा आणि बाहेर पैसे भरण्याची वाट दाखविणारा दुवा ॲपमध्ये नसावा, असा त्यांचा आशय होता. वर्षापेक्षा अधिक काळ चालणाऱ्या वर्गणीवरील वाटा १५ टक्क्यांवर आणण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

या नियमांतील अन्याय क्लाउड सेवांच्या बाबतीत पुरता उघडा पडतो. ग्राहकाची छायाचित्रे व कागदपत्रे ज्या संगणकांवर साठतात ते सेवा देणाऱ्याचे. वीज त्याची आणि देखभाल करणारे हातही त्याचेच. ॲपलचा वाटा मात्र महिन्यामागून महिने चालू राहतो. ग्राहकाने उद्या आयफोन टाकून दुसरा फोन घेतला, तरी वर्गणी ॲपलच्या खात्यातून जाते तोवर हा वाटा चुकत नाही. कसणारा एक आणि खळ्यावर येऊन धान्य मोजून नेणारा दुसरा, ही रीत कोकणातील कुळांनी खोतीच्या काळात पुरेपूर भोगलेली आहे.

२०१२ च्या मे महिन्यात ड्रॉपबॉक्सच्या साठवणीशी जोडलेली काही छोट्या निर्मात्यांची ॲप्स नाकारण्यात आली. त्यांचा अपराध एवढाच की, खाते उघडण्याच्या पानावरून पुढे जात जात जादा जागा विकत घेण्याच्या पानापर्यंत पोहोचता येत होते! त्याच वर्षाअखेरीस मायक्रोसॉफ्टच्या स्कायड्राइव्हची सुधारित आवृत्ती याच वादात अडकली. वस्तुतः ऑक्टोबर २०११ पासून ॲपल स्वतःही आयक्लाउड ही साठवणसेवा चालविते व तिच्यातील जादा जागा विकते. म्हणजे नाकेदारानेच पेठेत दुकान मांडले. इतरांच्या गाड्यांवर जकात आणि स्वतःची गाडी मोकळी!

हा वाटा सुरक्षिततेचे व तपासणीचे मोल आहे, असा युक्तिवाद केला जातो. तो टिकणारा नाही. टॅक्सी बोलावणारी वा घरपोच वस्तू विकणारी ॲप्स याच तपासणीतून जातात. त्यांच्या व्यवहारांवर असा वाटा घेतला जात नाही. तपासणी सर्वांची आणि वसुली मात्र काहींचीच होत असेल, तर ते तपासणीचे मोल नव्हे. तो खंड आहे.

हा धनदांडग्यांमधील तंटा आहे, त्यात श्रमिकांना काय, असेही कोणी म्हणेल. मायक्रोसॉफ्टची कड घेण्याचे कारण कोणालाच नाही. परंतु खंडाचा भार अखेरीस ग्राहकाच्या वर्गणीवर आणि छोट्या निर्मात्याच्या मिळकतीवर पडतो.

केवळ न्यायालयावर विसंबून हा नाका उठणार नाही. एपिक गेम्सच्या खटल्यात कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने २०२१ साली बाहेरच्या दुव्यांवरील बंदी रद्द केली. जानेवारी २०२४ मध्ये ॲपलने दुव्यांना मुभा दिली खरी, पण बाहेरच्या खरेदीवरही २७ टक्के आकारणी बसविली! कंपनीने हुकूम जाणूनबुजून मोडला, असे त्याच न्यायालयाला एप्रिल २०२५ मध्ये नमूद करावे लागले. भारतातही गूगलला अशाच वसुलीपद्धतीबद्दल स्पर्धा आयोगाने २०२२ साली ९३६ कोटींचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपिलात तो सुमारे २१७ कोटींवर आला. असला दंड या कंपन्या धंद्याच्या खर्चात सहज जिरवितात.

म्हणून नियमन आधीच हवे. युरोपीय संघाने अशा द्वारपाल कंपन्यांसाठी केलेल्या कायद्याची बंधने मार्च २०२४ पासून लागू केली. भारतातही त्याच महिन्यात डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. बाहेरच्या दराची माहिती ग्राहकाला देण्याचा हक्क, वसुलीची यंत्रणा निवडण्याचे स्वातंत्र्य आणि नाकेदाराला स्वतःच्या मालाची तरफदारी करण्यास मनाई, या तीन गोष्टींसाठी कार्यकर्त्यांनी लोकमत जागे केले पाहिजे. खोती कायद्याने गेली. खोतांच्या सद्बुद्धीने नव्हे.